जुनी कॅराव्हॅन, जुना पिकअप आणि फिरता संसार : वाचकांचे प्रश्न

फिरत्या घराविषयी या अंकासाठी आलेल्या पत्रांत बहुतेकांनी नव्या गाडीचा विचार बाजूला ठेवून ओढून न्यायची जुनी कॅराव्हॅन आणि ती ओढणारा जुना पिकअप अशी जोडी निवडली आहे. पत्रे लांबलचक असल्याने प्रश्न संक्षेपाने दिले आहेत.

प्रश्न (साखळी) : मी निवृत्त शिक्षक आहे. चतुर्थी आटोपली की निघायचे आणि मिरगाआधी घरी परतायचे, अशा बेताने पत्नी व मी वर्षातील आठ महिने भारतभर फिरत राहणार आहोत. त्यासाठी सुमारे वीस वर्षांपूर्वी कोल्हापूरकडे बांधलेली, पाच मीटर लांबीची, एका आसाची कॅराव्हॅन घेतली आहे. गेली काही वर्षे ती कळंगुटच्या बाजूला माडांखाली उभी होती. आतले फर्निचर बरे आहे; मात्र एका कोपऱ्यात पाय ठेवला की जमीन दबते. नवे स्वयंपाकघर, पडदे आणि रंगकाम यांसाठी सुताराशी बोलणे झाले आहे. कामांचा क्रम कसा असावा?

उत्तर : सुताराला तूर्त थांबवावे. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य स्वयंपाकघराविषयीचे नसून दबणाऱ्या जमिनीविषयीचे आहे. जमीन दबते याचा अर्थ तिथले प्लायवूड कुजले आहे, आणि ते कुजले याचा अर्थ पाणी कित्येक पावसाळे आत झिरपत राहिले आहे. ते त्याच कोपऱ्यातून आले असेल असे मात्र समजू नये. छताच्या सांध्यातून शिरलेले पाणी भिंतीच्या आतील लाकडी चौकटीवरून उतरत जाते आणि गाडी ज्या बाजूला कललेली असेल त्या बाजूच्या तळाशी साचते. त्यामुळे भोक पुढे वरच्या बाजूला आणि कुजके लाकूड मागे खालच्या बाजूला, असा प्रकार जुन्या कॅराव्हॅनमध्ये वारंवार आढळतो.

गाडी माडांखाली उभी होती हे वाचून छताविषयीची शंका अधिकच बळावते. नारळ किंवा झावळी पडून पत्र्याला आलेला खोलगा बाहेरून किरकोळ दिसतो, पण त्यात पाणी साठून राहते आणि शेजारचा सांधा हळूहळू उघडतो. शिडी लावून छताचा प्रत्येक सांधा, खिडक्यांच्या वरच्या कडा, मागचे दिवे जिथे भिंतीत बसवले आहेत ती भोके आणि हवेच्या झडपेची चौकट हे सर्व जवळून पाहावे. त्यानंतर आतील भिंतींचा खालचा वीतभर पट्टा टोच्याने टोचून पाहावा. चांगले लाकूड टोच्याला अडवते, कुजलेले त्याला निमूटपणे आत घेते. दारे-खिडक्या बंद करून, हवेच्या झडपा चिकटपट्टीने मिटवून, एका खिडकीतून साध्या ब्लोअरने आत हवा भरली आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी मारले, तर जिथे बुडबुडे येतात तिथून पाणी आत जाते, हे तासाभरात कळते. या कामासाठी महागडे यंत्र लागत नाही.

कुजलेल्या प्लायवर नवे प्लाय ठोकून देण्याचा सल्ला आपल्याला मिळेल. तो मानू नये. ओल खालच्या थरात राहते आणि वर्षभरात वरचा थरही जातो. कोरडे, कडक लाकूड लागेपर्यंत जुने काढावे आणि तिथे आयएस ७१० या मानकाचे मरीन प्लाय, कापलेल्या कडांना इपॉक्सी पाजून, बसवावे. छताच्या सांध्यांवर हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारे सिलिकॉन फासू नये. हलत्या गाडीच्या सांध्यावर ते उन्हात सुटते आणि एकदा ते लागले की त्याच्या पापुद्र्यावर पुढे दुसरे कोणतेही सीलंट धड चिकटत नाही. सांध्यावरच्या पट्टीखाली ब्युटाइल टेप आणि कडेने पॉलियुरेथेन सीलंट ही पद्धत टिकते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात स्टीलचे स्क्रू थेट पिळले तर खाऱ्या हवेत स्क्रूभोवतीचे ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडते, म्हणून प्रत्येक स्क्रू सीलंटमध्ये बुडवून बसवावा. हे काम घरबांधणीच्या सुतारापेक्षा मांडवी-झुआरीच्या काठांवर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर अधिक चांगले करतात, कारण पाणी कुठून शिरते हाच त्यांच्या रोजच्या कामाचा विषय असतो.

त्यानंतर चासी. समुद्राजवळ उभ्या राहिलेल्या गाडीचा वरचा रंग शाबूत असतो आणि चासीच्या लोखंडी चॅनेलच्या आतल्या कोपऱ्यात, पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे टांगलेले असतात त्या कड्यांपाशी आणि पिकअपला जोडायच्या पुढच्या त्रिकोणी जिभेच्या वेल्डिंगपाशी गंज पापुद्रे धरून बसलेला असतो. हातोडीने ठोकत जावे. निरोगी लोखंड खणखणते, गंजलेले बद्द आवाज करते. आपण साखळीला राहता ही यात मोठी सोय आहे. खाणीच्या टिप्परांनी डिचोली-सत्तरीच्या गॅरेजवाल्यांना चासीचे वेल्डिंग आणि पाट्यांचे काम जसे शिकवले, तसे ते किनाऱ्यावरच्या गॅरेजवाल्यांना शिकायला मिळालेले नाही. गंजावर पट्टी जोडून वेल्डिंग करू देऊ नये. आधी सँडब्लास्टिंग, मग जिथे जाडी उरली नाही तिथे कापून नवा तुकडा, मग जस्तयुक्त प्रायमर आणि शेवटी रंग, असा क्रम असावा. चॅनेलची पाणी निघून जाण्याची भोके मातीने बुजलेली असतात, ती मोकळी करावीत. हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचे, बेअरिंग काढून, धुऊन, नवे ग्रीस भरून आणि नवे सील घालूनच बसवावेत, मग आधीच्या मालकाने काहीही सांगितलेले असो. टायरची नक्षी पाहून समाधान मानू नये. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दाखवतात. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. उभ्या गाडीचे टायर झिजून नव्हे तर वयाने मरतात, आणि सहा-सात वर्षांपलीकडचा टायर नवा दिसत असला तरी बदलावा.

आता एक सूचना, जी आपल्याला आवडणार नाही. या चतुर्थीनंतर निघण्याचा बेत आपण एक वर्ष पुढे ढकलावा आणि दुरुस्ती उन्हाळ्यात पूर्ण करून कॅराव्हॅन एक पूर्ण पावसाळा आपल्या दारात उघड्यावर उभी ठेवावी. गोव्याच्या किनारपट्टीवर चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. याहून कठोर परीक्षक पैसे देऊनही मिळणार नाही. कपाटांच्या तळाशी, गाद्यांखाली आणि कोपऱ्यांत वर्तमानपत्रे पसरून ठेवावीत, प्रत्येक मोठ्या सरीनंतर ती पाहावीत आणि ओल आढळेल तिथे खडूने तारीख लिहावी. गाडी किंचित पुढून उचललेली असावी म्हणजे छतावरचे पाणी मागे वाहून जाईल. आधार देताना लाकडी ओंडके वापरू नयेत, कारण जमिनीवर टेकलेल्या ओंडक्यातून वाळवी चासीमार्गे थेट जमिनीच्या प्लायमध्ये पोहोचते, चिरे वापरावेत. त्याच काळात आठवड्यातून दोन रात्री आपण दोघांनी आत झोपावे. कोणते कपाट चुकीच्या जागी आहे, कोणत्या खिडकीतून वारा येत नाही, गादीखाली बुरशी कशी धरते, हे सर्व श्रावणात आपोआप समजेल आणि मग सुताराला काय सांगायचे ते नक्की ठरेल.

प्रश्न (फोंडा) : आमचा पिकअप चौदा वर्षांचा आहे. गॅरेजवाला म्हणतो की तो दोन टन सहज ओढेल, आणि आमच्या कॅराव्हॅनचे भरलेले वजन दीड टनच आहे. तेव्हा काळजीचे कारण नाही ना?

उत्तर : गॅरेजवाला खोटे सांगत नाही, पण त्याने ज्या प्रश्नाचे उत्तर दिले तो आपला प्रश्न नाही. डिझेल इंजिन दोन टन ओढेल. ते दोन टन चोर्ला घाटाच्या वळणावर थांबवता येतील का, आणि ओढताना पिकअपची पुढची चाके रस्त्याला घट्ट धरून राहतील का, हे दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत.

प्रथम खरे वजन काढावे. कागदावरील दीड टन हा आकडा गाडी बांधली तेव्हाचा आहे; त्यानंतर बसवलेली बॅटरी, सौर पॅनेल, छत्री-पडदा, भांडीकुंडी आणि पुस्तके त्यात नाहीत. पाण्याचा प्रत्येक लिटर एक किलोचा, म्हणजे दोनशे लिटरची टाकी भरली की दोनशे किलो वाढतात. कॅराव्हॅन प्रवासाला निघताना भरतो तशी भरून कुंडई किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला एखाद्या वजनकाट्यावर न्यावी. आधी ती पिकअपला जोडलेली असताना फक्त तिची चाके काट्यावर ठेवून वजन घ्यावे. मग ती सोडवून, पुढच्या जॅकवर उभी करून, संपूर्ण काट्यावर घ्यावी. दोन्हींतील फरक म्हणजे जिभेचा, म्हणजे पिकअपच्या मागच्या हिचवरील (जोडणीवरील) गोळ्यावर, बॉलवर, येणारा भार होय. मोठ्या काट्याला दहा-वीस किलोंचा फरक कळत नाही, म्हणून मोजमाप दोनदा करावे.

अमेरिकेत हा भार एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के ठेवतात. युरोपात तो बराच कमी असतो, कारण तिथल्या कॅराव्हॅन, त्यांचे कपलर (बॉलवर बसणारे जिभेचे टोक) आणि वेगमर्यादा निराळ्या आहेत. आपल्याकडच्या गाडीसाठी साधारण दहा टक्क्यांचे लक्ष्य ठेवावे आणि कपलर व बॉल यांवर कोरलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर ती अंतिम मानावी. भार फार कमी असेल, म्हणजे सामान आसाच्या मागे लादलेले असेल, तर वेग वाढताच कॅराव्हॅन मागच्या मागे झोके घेऊ लागते आणि दर झोक्याला पिकअपची शेपूट ओढून नेते. भार जास्त झाला तर दुसरे संकट येते. बॉल पिकअपच्या मागच्या आसाच्याही मागे असतो. पुढच्या व मागच्या आसांत तीन मीटरचे अंतर आणि बॉल मागच्या आसापासून एक मीटर वीस सेंटिमीटरवर असेल, तर बॉलवरच्या दीडशे किलोंमुळे मागच्या आसावर दोनशे दहा किलो वाढतात आणि पुढच्या आसावरचे साठ किलो उचलले जातात. पावसात ओल्या उतारावर गाडी वळवणारी आणि थांबवणारी चाके पुढचीच असतात, हे ध्यानात घ्यावे. शिवाय बॉलवरचा भार हा पिकअपवर लादलेलाच माल आहे. आरसी बुकातील रिकामे वजन आणि कमाल वजन यांतील फरकातून आपण दोघे, मागच्या हौद्यातील सामान, हिचचे स्वतःचे वजन आणि हा भार, सर्व वजा करून काय उरते ते पाहावे. पुष्कळदा काहीच उरत नाही.

ब्रेकविषयी माझे मत ठाम आहे : दीड टनाच्या कॅराव्हॅनला स्वतःचे ब्रेक नसतील किंवा असून चालत नसतील, तर ती गोव्याबाहेर नेऊ नये, कारण गोव्यातून पूर्वेला निघणारा प्रत्येक रस्ता घाटातून जातो. युरोपात साडेसातशे किलोंवरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. आपल्या गाडीला रेटा-ब्रेक असतील, म्हणजे पिकअप थांबला की कॅराव्हॅनच्या पुढे येण्याच्या रेट्याने लागणारे, तर जिभेतील सरकती नळी गंजून अडकलेली नाही ना आणि तिचा शॉक-ॲब्सॉर्बर जिवंत आहे ना, हे पाहावे. विजेचे ब्रेक असतील तर ड्रममधील चुंबक व तारा तपासाव्यात आणि पिकअपमध्ये चालकाच्या हाताशी नियंत्रक बसवावा. त्याचा एक मोठा लाभ असा की झोके सुरू झाले तर ॲक्सिलरेटर सोडून, पिकअपचे ब्रेक न दाबता, फक्त कॅराव्हॅनचे ब्रेक हाताने लावता येतात आणि मागची गाडी ताणून सरळ होते. याखेरीज कपलर सुटल्यास आपोआप ब्रेक लावणारी दोरी आणि जिभेखाली एकमेकींना छेद देऊन बांधलेल्या दोन साखळ्या असाव्यात. छेद दिल्याने सुटलेली जीभ रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडते.

पिकअपमध्ये इंजिनापेक्षा ब्रेक, क्लच आणि पाणी थंड राखणारी व्यवस्था यांवर पैसे घालावेत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि आपल्या दमट हवेत ते लवकर बिघडते. डॉट ४ प्रतीचे नवे तेल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते. ओलावा शोषलेल्या तेलासाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर तेल उकळले की पेडल पोकळ होऊन खाली जाते. दोन वर्षांनी संपूर्ण तेल बदलावे, आणि ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा. रेडिएटर बाहेरून व आतून साफ करून घ्यावा, रबरी पाइप दिसायला चांगले असले तरी नवे घालावेत. पहिली चाचणी घाटात घेऊ नये. पेडण्याहून राष्ट्रीय महामार्ग ६६ ने कुडाळपर्यंत जाऊन यावे, अर्ध्या तासाने थांबून दोन्ही हबना हाताने चाचपून पाहावे. एक हब दुसऱ्यापेक्षा फार तापला असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक हे कारण असते. हे जमल्यावर मग अनमोड घाट. आणि फेरीबोटीचा मोह टाळावा, कारण ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार इतका तिरपा होतो की लांब शेपटीची कॅराव्हॅन मागून घासते.

प्रश्न (पेडणे) : छतावर सौर पॅनेल बसवून आत वातानुकूलन यंत्र चालवता येईल का? विक्रेता होय म्हणतो.

उत्तर : दिवसा तासभर चालेल; रात्रभर चालणार नाही. एक टनाचे इन्व्हर्टर यंत्र स्थिरावल्यावरही चार-पाचशे वॉट घेते, म्हणजे आठ तासांच्या रात्रीसाठी सुमारे चार युनिट वीज हवी. पाच मीटरच्या छतावर सपाट बसवलेली चारशे वॉटची पॅनेले स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण सव्वा ते दीड युनिट देतात आणि आषाढात त्याच्या अर्धेही देत नाहीत. त्याऐवजी तीस वॉटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, कॉम्प्रेसरवर चालणारा १२ व्होल्टचा लहान फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप आणि फोन यांचा हिशेब केला तर दिवसाला सुमारे सव्वा युनिटमध्ये संसार भागतो. तेवढ्यासाठी १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाची एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरेशी आहे. शिशाच्या बॅटरीची निम्मीच शक्ती वापरायची असते, त्यामुळे तेवढ्याच उपयोगासाठी दोन मोठ्या ट्युब्युलर बॅटऱ्या घ्याव्या लागतात आणि त्यांचे वजन सव्वाशे किलोंच्या आसपास जाते. लिथियमची एक बॅटरी पंचवीस किलोंच्या आत असते. फोंड्याच्या वाचकांना वजनाविषयी जे लिहिले आहे ते इथेही लागू आहे. लडाख किंवा स्पितीकडे जाणार असाल तर ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये, त्याने तिची कायमची हानी होते.

पिकअपच्या अल्टरनेटरवरून (इंजिनावर चालणाऱ्या वीजजनकावरून) ही बॅटरी थेट तार जोडून चार्ज करू नये. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर घालावा, नाहीतर जुना अल्टरनेटर तापून जळेल. बॅटरीपासून निघणाऱ्या मुख्य तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज असलाच पाहिजे. तारा बोटींसाठी मिळतात तशा कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या घ्याव्यात. साधी तांब्याची तार आपल्या खाऱ्या हवेत आवरणाच्या आत काळी-हिरवी पडत जाते आणि दोष सापडता सापडत नाही. आधीच्या मालकाच्या जुन्या वायरिंगला जोड देत बसण्यापेक्षा ते संपूर्ण काढून टाकणे शेवटी स्वस्त पडते. उंदरांनी कुरतडलेल्या तारा फर्निचरच्या मागे हमखास असतात.

प्रश्न (वास्को) : घरचा गॅस सिलिंडरच कॅराव्हॅनमध्ये ठेवला तर चालेल का?

उत्तर : राहत्या भागात ठेवू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळलेला गॅस जमिनीलगत साचतो आणि बंद खोलीत एका ठिणगीची वाट पाहत राहतो. सिलिंडरसाठी बाहेरून उघडणारा, आतल्या बाजूने पूर्ण बंद आणि तळाला जाळीदार भोके असलेला कप्पा करावा. भोकांखाली एक्झॉस्ट पाइप किंवा बॅटरी येता कामा नये. १४.२ किलो गॅसचा घरगुती सिलिंडर भरल्यावर तीस किलोंच्या आसपास भरतो आणि तो पुन्हा भरून मिळणे आपल्या पत्त्याशी बांधलेले असते. फिरतीवर ५ किलोंचा लहान सिलिंडर सोयीचा; इंडियन ऑइलचा ‘छोटू’ पेट्रोल पंपांवर व काही दुकानांत ओळखपत्र दाखवून मिळतो. चालत्या गाडीत सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद असावा. केशरी सुरक्षा पाइप पाच वर्षांनी बदलायचा असतो, आणि जुन्या कॅराव्हॅनमध्ये तो बहुधा मूळचाच असतो. गॅसशोधक जमिनीलगत बसवावा. उंच, थंड प्रदेशात शेगडीची ज्योत मंदावली तर बिघाड समजू नये, कारण मिश्रणातील ब्युटेन शून्य अंशाच्या किंचित खाली वायुरूप होणे थांबते.

प्रश्न (म्हापसा) : आमच्या कॅराव्हॅनचे पासिंग महाराष्ट्राचे आहे. पिकअपचा विमा आहे, तेवढा पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलरही येतो, म्हणजे त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. मालकी बदलल्याचे घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत कळवायचे असते, आणि दुसऱ्या राज्यात नोंदलेले वाहन बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ इथे ठेवल्यास येथील क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. विमा कंपनीकडून कॅराव्हॅनचा उल्लेख पॉलिसीत करून घ्यावा आणि हा पिकअप ती ओढणार आहे हे लेखी कळवून लेखी उत्तर मिळवावे. कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरणारे बदल करता येत नाहीत, म्हणून लांबी वाढवणे, आस बदलणे अशी कामे करण्यापूर्वी वाहतूक खात्यात विचारावे. चासी क्रमांक गंजाखाली गेला असेल तर सँडब्लास्टिंगवाल्याला त्या जागेपासून दूर राहायला सांगावे. तो पुसला गेला तर कॅराव्हॅन कागदोपत्री आपली राहत नाही. दिल्लीकडे जाणार असाल तर जुन्या डिझेल गाड्यांवरील तेथील निर्बंध निघण्यापूर्वी नव्याने तपासावेत. आणि चालत्या कॅराव्हॅनमध्ये कोणीही बसू नये, झोपलेल्या नातवंडांनीसुद्धा.

प्रश्न (मडगाव) : माझी बहीण व मेहुणे अमेरिकेत असतात. तेथील घर सोडून पंचवीस वर्षांच्या जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये कायम राहण्याचा त्यांचा विचार आहे. हेच सारे तिथेही लागू आहे का?

उत्तर : पाणी, गंज, टायर आणि बेअरिंग सर्वत्र सारखेच. वजनाचे काम तिथे अधिक सोपे आहे, कारण पिकअपच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर माणसे व सामान मिळून किती पौंडांपर्यंत लादता येईल हे छापलेले असते. जाहिरातीतील ओढण्याच्या क्षमतेपेक्षा हाच आकडा आधी संपतो. समजा, तो १५०० पौंड आहे, ट्रेलरच्या जिभेचा भार ७०० पौंड, वजन विभागणारा हिच ८० आणि दोघांचे वजन ३५० पौंड. उरले ३७०, ज्यात अवजारे, जनरेटर आणि कुत्रा बसवायचा. कायम फिरणाऱ्यांना कायदेशीर पत्ता लागतो, आणि त्यासाठी बरेच जण साउथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडा निवडतात. पश्चिमेकडील संघीय जमिनींवर सर्वसाधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस मुक्काम करता येतो. ॲरिझोनातील क्वार्टझसाइटसारख्या काही जागी १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळासाठी दीर्घ मुक्कामाचा परवानाही मिळतो. काही खासगी पार्क दहा वर्षांहून जुने ट्रेलर घेत नाहीत, म्हणून आरक्षणापूर्वी वय सांगून विचारावे. कडाक्याच्या थंडीत नळ फुटू नयेत म्हणून पाणी काढून टाकण्याची पद्धत मात्र त्यांनी तिथल्याच एखाद्या जाणत्याकडून शिकावी.

प्रश्न (डिचोली) : रात्री मुक्काम कुठे करावा आणि शौचालयाचे काय?

उत्तर : समुद्रकिनारा सोडून कुठेही, असे प्रथम सांगतो. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणे व अन्न शिजवणे यांवर २०१९ पासून दंड आहे, आणि वाळूत रुतलेली कॅराव्हॅन काढणे हे निराळेच प्रकरण आहे. महामार्गावरील मोठे पेट्रोल पंप आणि कुटुंबे थांबतात ते ढाबे सुरक्षित असतात. व्यवस्थापकाला विचारून, तिथेच जेवून थांबावे. फोंडा महालातल्या देवळांच्या अग्रशाळांत उतरण्याची रीत आपल्याला परिचित आहे. अन्य प्रांतांतही देवस्थान समितीला अदबीने विचारल्यास आवारात जागा मिळते, मात्र तिथे मांसाहार आणि दारू यांविषयीचे संकेत पाळावेत. काळोखात नव्या जागी शिरू नये. दिवस असताना पायी जाऊन वळायला जागा आहे का ते पाहावे, कारण ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटे फिरवावे लागते आणि जुन्या पिकअपचा क्लच याच वेळी जळतो.

शौचालयासाठी टाकी बांधण्यापेक्षा सुमारे वीस लिटरची सुटी कॅसेट बरी. दोघांना ती दोन-तीन दिवस पुरते आणि कोणत्याही शौचालयात रिकामी करता येते. तिच्यात घालायचे रसायन फॉर्मल्डिहाइड नसलेले घ्यावे. ज्या घरी पाहुणे म्हणून थांबाल त्या घरच्या सेप्टिक टँकमधील जिवाणू त्या रसायनाने मरतात आणि टाकी महिन्याभरात घाण मारू लागते. भांडी घासलेले पाणीही रस्त्यावर सोडू नये. ते बादलीत धरून एखाद्या झाडाच्या आळ्यात ओतावे.